साफ केलेला आवाज

‘सांस्कृतिक वारसा’ असं कुणी म्हणालं की आता माझं तोंड कडू होतं. पूर्वी होत नसे. पूर्वी हे शब्द मी स्वतःच दिवसभर टाइप करायचे आणि संध्याकाळी घरी येऊन मजेत कुकर लावायचे. आयर्लंडमध्ये, कॉर्क शहरातल्या एका संशोधन केंद्रात मला नोकरी लागली होती. त्याआधी पुण्यात आणि मग इथे बँकांची सॉफ्टवेअर सांभाळून जीव विटला होता. त्यामुळे आईला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की आता मी युरोपच्या पैशातून जुने आवाज वाचवते. आईनं विचारलं, "म्हणजे गाणी का गं?" मी म्हटलं, गाणी, गोष्टी, खेड्यापाड्यातल्या माणसांच्या गप्पा. "चांगलं काम आहे की," आई म्हणाली. मलाही तसंच वाटत होतं.

काम कागदावर खरोखरच चांगलं होतं. आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या घरांमध्ये जुन्या ध्वनिफिती पडून आहेत. पूर्वी कुणी शाळामास्तर, कुणी पाद्री टेपरेकॉर्डर घेऊन घरोघर जायचा आणि गोष्टी सांगणाऱ्यांना बोलतं करायचा. त्या फिती ओलीनं खराब होत चालल्या आहेत. त्या गोळा करायच्या, संगणकावर उतरवायच्या, नव्या तंत्रानं आवाज स्वच्छ करायचा आणि सगळ्यांना ऐकता येईल असं संकेतस्थळ बांधायचं. चार-पाच देशांतल्या संस्था एकत्र आल्या होत्या, ब्रसेल्सहून निधी होता. त्या निधीची एक अट अशी, की संशोधन नुसतं कपाटात राहता कामा नये. त्यातलं तंत्रज्ञान एखाद्या उद्योगाच्या हाती गेलं पाहिजे. म्हणून आवाज स्वच्छ करण्याचं तंत्र शेवटी एका कंपनीला द्यायचं आधीच ठरलं होतं. ती कंपनी कॉल सेंटरांना आणि ऑनलाइन मीटिंगा करणाऱ्यांना गोंगाट काढून टाकणारं सॉफ्टवेअर विकायची.

माझ्याकडे संकेतस्थळ होतं. आवाज साफ करण्याचं काम तिकडे युरोपच्या मुख्य भूमीवरच्या एका प्रयोगशाळेत चालायचं. अशा प्रकल्पांत कामाच्या वाटण्या करतात आणि त्यांना वर्क पॅकेज म्हणतात. सामायिक स्वयंपाकघरात जसं प्रत्येकीचं आपापल्या डब्यावर लक्ष असतं आणि ओट्यावर सांडलेलं दूध कुणाचंच नसतं, तसा तो प्रकार. दर पंधरवड्याला पडद्यावर सगळे चेहरे जमायचे आणि ‘इम्पॅक्ट’, ‘स्टेकहोल्डर’, ‘डिलिव्हरेबल’ असं काहीबाही बोलून पांगायचे. गोष्ट सांगणाऱ्या एकाही माणसाचा उल्लेख मी त्या बैठकांत ऐकला नाही. आमचे प्रमुख कॉर्कचेच, गोड बोलणारे, प्रत्येक गोष्टीला ‘ग्रँड’, म्हणजे इथल्या बोलीत ‘छान, चालेल’, म्हणणारे. काहीही सांगा, ग्रँड. सर्व्हर बंद पडला, ग्रँड. पहिल्या वर्षी मला ते उमदेपण वाटलं.

फिती गोळा करायला मी तिकडच्या कासलबार गावी जायचे. खरं तर ते माझं काम नव्हतं, पण पश्चिमेकडे गाडी चालवत जायला दुसरं कुणी तयार नसे. तिथे एका सभागृहात आम्ही टेबलं मांडून बसायचो आणि लोक आपापल्या फिती घेऊन यायचे. माझा भारतीय चेहरा पाहून निम्म्या लोकांना वाटायचं, ही बाई तिथल्या मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टर. एक गृहस्थ फितीबरोबर आपल्या रक्तदाबाच्या गोळ्याही दाखवायला घेऊन आले होते. मी डॉक्टर नाही म्हटल्यावर त्यांनी फीतही परत खिशात घातली.

त्याच दिवशी ती आली. सत्तरीच्या आसपासची, ताठ, आखूड पांढरे केस. आयुष्यभर तिनं गावात केस कापायचं दुकान चालवलं होतं, त्यामुळे अनोळखी माणसाशी बोलायला तिला वेळ लागत नसे. तिनं पिशवीतून फितीचं एक मोठं चाक काढून माझ्यासमोर ठेवलं. वरच्या पुठ्ठ्याला बुरशीचे डाग पडले होते.

"ह्यात माझे वडील बोलतायत," ती म्हणाली. "आमच्या भागात गोष्ट सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण मला ते नकोत. ते नव्वदीपर्यंत जगले आणि शेवटपर्यंत बोलत होते, त्यांना मी पोटभर ऐकलंय. मला आई हवी आहे."

मी विचारलं, आईपण गोष्ट सांगते का त्यात? ती हसली. मग तिनं मला तिच्या घरची रीत सांगितली. गोष्ट सांगायची पुरुषानं आणि चुलीपाशी बसून ती दुरुस्त करायची बाईनं. नवरा म्हणणार, मंगळवारी बाजाराला गेलो. बायको म्हणणार, सोमवार होता. नवरा म्हणणार, बरोबर, सोमवार, आणि पुढे जाणार. नवरा म्हणणार घोडी काळी होती, बायको म्हणणार तपकिरी. ह्यात भांडण नसे, अपमान नसे. अशी बायको नसली तर गोष्टीला मजा नाही, असंच लोक समजत. तिच्या गावातल्या सगळ्या घरांत हेच चालायचं. मास्तर टेपरेकॉर्डर घेऊन आला, त्या संध्याकाळी ती शाळकरी मुलगी होती. कुत्र्यानं भुंकू नये म्हणून मास्तरांनी तिला टेबलाखाली कुत्र्याचं तोंड धरून बसायला सांगितलं होतं.

"कुत्रं गप्प राहिलं," ती म्हणाली. "आई नाही राहिली."

आई त्याच हिवाळ्यात गेली. आई काय काय म्हणाली ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं. आवाज आठवत नव्हता. कितीही प्रयत्न केला तरी तिच्या डोक्यात आईचं बोलणं वडिलांच्या आवाजात यायचं, नाहीतर दुकानातल्या कुठल्यातरी गिऱ्हाइकाच्या. एवढी वर्षं ते चाक तिच्या प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, पडून होतं आणि ते वाजवायला यंत्र नव्हतं. एकदा कुणीतरी म्हणालं होतं, की चुकीच्या यंत्रावर लावलं तर तुटेल, म्हणून तिनं हातच लावला नाही. मी तिला सांगितलं, आता काळजी करू नका, आमच्याकडे तज्ज्ञ लोक आहेत.

फीत प्रयोगशाळेत गेली. तिथल्यांनी कळवलं, की ओलीनं ती इतकी खराब झाली आहे की एकदाच वाजेल. ती एकदाच वाजली. वाजता वाजता तिच्यावरचा तपकिरी लेप भुकटी होऊन गळून गेला आणि चाकावर नुसती प्लॅस्टिकची पट्टी उरली. पण आवाज सगळा उतरवून घेतला होता. काही आठवड्यांनी साफ केलेली फाइल संकेतस्थळावर चढवण्यासाठी माझ्याकडे आली. मी हेडफोन लावून सुरुवात ऐकली. तिच्या वडिलांचा आवाज इतका स्वच्छ, की वाटावं काल बोलले. मला तेव्हा कौतुकच वाटलं. गोष्ट अधूनमधून थांबत होती, पण गोष्ट सांगणारी माणसं थांबतातच. बायकोचा आवाज पहिल्या काही मिनिटांत आला नाही, तेव्हा मी म्हटलं पुढे असेल, आणि कासलबारच्या पुढच्या फेरीत तिला ऐकवायला लॅपटॉप घेऊन गेले.

तिच्या स्वयंपाकघरात आम्ही बसलो. तिनं चहा केला, पाव कापला, लोणी काढलं, आणि मग हात पुसून समोर येऊन बसली. मी बटण दाबलं. तिचे वडील बोलू लागले. बाजाराची गोष्ट होती. मंगळवारी घोडी घेऊन निघालो, ते म्हणाले, आणि थांबले. त्या थांबण्यात काहीच नव्हतं. साधी खुर्ची करकरली नाही, विस्तव तडतडला नाही, घड्याळ वाजलं नाही. मग ते म्हणाले, "बरोबर, सोमवार," आणि पुढे गेले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, पुढे असेल. पुढे घोडी काळी होती. मग शांतता. मग, "हो, तपकिरी, तपकिरी." पुढे वडील म्हणाले, येताना मी एकटाच होतो. शांतता. मग ते एकटेच हसले.

तिसऱ्या की चौथ्या शांततेत तिनं स्वतः आईचं वाक्य म्हटलं. हळू, सरळ आवाजात, समोर बघत. मग वडिलांचं उत्तर आलं, अगदी वेळेवर. पुढच्या शांततेत पुन्हा तिनं म्हटलं. असं ती गोष्ट संपेपर्यंत करत राहिली. मी खाली मान घालून चहाच्या कपाकडे बघत बसले होते. गोष्ट संपल्यावर ती म्हणाली, "माझे वडील आयुष्यात कधी रिकाम्या घरात बोलले नाहीत. कुणी केलं हे त्यांचं?"

हे कुणी केलं ते मला परतीच्या वाटेवर कळत गेलं, आणि जसं कळत गेलं तसा अंगाचा तिळपापड होत गेला. ते तंत्र कंपनीच्या गरजेप्रमाणे घडवलं होतं. कंपनीला हवा होता एक माणूस, एक तोंड, एक मायक्रोफोन. मायक्रोफोनच्या जवळचा आवाज ठेवायचा आणि बाकी सगळं गोंगाट म्हणून पुसायचं. मीटिंगमध्ये मागे कुणाचं पोर रडलं, कुणाची बायको भांडी घासत बोलली, तर ती ऐकू येता कामा नये. युरोपच्या निधीतून खेड्यातली स्वयंपाकघरं वाचवायला निघालेल्या लोकांनी हेच यंत्र त्या स्वयंपाकघरांवर फिरवलं होतं. ह्या एकाच फितीतली नव्हे, गोळा झालेल्या सगळ्या फितींतल्या बायका अशा निघून गेल्या होत्या. घरी आल्यावर मी एकामागून एक फायली ऐकल्या. सगळीकडे एकटे म्हातारे. थांबतात, कुणालातरी बरोबर म्हणतात, पुढे जातात.

मी प्रयोगशाळेत फोन केला. तिथला माणूस अतिशय सभ्य होता. मी म्हटलं, मला साफ न केलेली मूळ फाइल हवी.

"मूळ फायली आम्ही ठेवत नाही," तो म्हणाला. "पडताळणी झाली की काढून टाकतो. जागा फार खातात. जतनाची प्रत म्हणजे साफ केलेली प्रत, असंच आपल्या योजनेत आहे."

"पण फीत तर संपली. ती आता वाजणार नाही."

"हो, म्हणूनच वेळेत साफ केली ना."

त्याला खरोखरच काही चुकल्यासारखं वाटत नव्हतं. मी त्याला म्हटलं, तुम्ही एका बाईची आई पुसलीत. त्यानं विचारलं, की तो आवाज मुख्य वक्त्याचा होता का.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुखांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, भुवया उंचावल्या, वाईट वाटल्यासारखं तोंड केलं. मग म्हणाले, "बघ, हे दुर्दैवी आहे. पण ती फाइल स्वतःच्या जोरावर ग्रँड आहे. आणि तुला माहीत आहे का, आपल्या भागीदार संस्थेतले लोकसाहित्याचे अभ्यासक तिच्यावर किती खूश आहेत?"

ते मला माहीत नव्हतं. त्यांनी त्या अभ्यासकांचा अहवाल माझ्याकडे पाठवला आणि मी तो वाचला. त्या विद्वान माणसानं आमच्या साफ केलेल्या फायली ऐकून शोध लावला होता, की आयर्लंडच्या पश्चिम भागातले कथनकार स्वतःलाच दुरुस्त करत गोष्ट सांगतात. आधी जाणूनबुजून चुकीचं बोलतात, मग एक अर्थपूर्ण विराम घेतात, आणि मग सत्य सांगतात. ह्या विरामात म्हणे त्यांच्या समाजाची सगळी अनिश्चितता साठलेली आहे. त्यानं विराम मोजले होते, त्यांचे प्रकार पाडले होते. मंगळवार-सोमवारचं उदाहरण अगदी पहिल्या पानावर होतं. मी हसले, आणि हसता हसता मला शिसारी आली. त्या पानावरच्या प्रत्येक विरामात एक जिवंत बाई बसलेली होती, विस्तव सारत, आणि हा उंटावरचा शहाणा तिच्या जागी अनिश्चितता बसवत होता.

मी प्रमुखांना म्हटलं, हे चूक आहे, त्या विरामात बायको बोलते, ती घरची रीत आहे, मला त्या घरातल्या मुलीनं सांगितलंय. ते म्हणाले, "अहवाल तपासनिसांनी मंजूर केलाय. आता त्यात हात घातला तर सगळंच उघडावं लागेल." मग हळू आवाजात, जसं काही माझ्याच भल्याचं सांगतायत, "हे तुझ्या वर्क पॅकेजमध्ये येत नाही."

घरी नवऱ्यालाही हेच वाटत होतं. तो औषधाच्या कारखान्यात आहे, सगळं नियमाप्रमाणे करायची सवय. "अगं, ऑफिशियली तुझी रिस्पॉन्सिबिलिटीच नाहीये ना ती?" तो म्हणाला. "मग का टेन्शन घेतेस यार? ईमेल टाकून ठेव, रेकॉर्डवर राहील. बस."

"रेकॉर्डवरच राहिलं नाही ना काही," मी म्हटलं. ईमेल मी टाकली. उत्तर म्हणून आभार आले.

त्यानंतर मी तिला फोन करायचं टाळत होते, पण तिचाच आला. तिला समारंभाचं निमंत्रण गेलं होतं. डब्लिनच्या एका हॉटेलात प्रकल्पाचा समारोप होता आणि आमच्या कार्यालयानं तिला ‘समुदायाची प्रतिनिधी’ म्हणून बोलावलं होतं, कारण तिची फाइल गाजली होती. मी तिला सांगितलं, तुम्ही येऊ नका, आई त्यात नाही आणि मिळणारही नाही, मूळ फाइल पुसली आहे. एवढं सांगायलाही मला कितीतरी आठवडे लागले होते.

"आता येतेच," ती म्हणाली. "तोंडं तरी बघते कशी आहेत."

मी तिला स्टेशनवरून घेतलं. तिनं जांभळा कोट घातला होता, केस नीट बसवले होते. हॉटेलात तिला सगळ्यात पुढच्या रांगेत बसवलं, गळ्यात ओळखपत्र अडकवलं, हातात कॉफी दिली. प्रमुखांनी तिचा हात दोन्ही हातांत घेऊन वडिलांचं कौतुक केलं. तिनं आपला हात हळूच सोडवून घेतला. भाषणं सुरू झाली. ब्रसेल्सहून आलेले पाहुणे बोलले, वारशाबद्दल. अभ्यासक बोलले, विरामांबद्दल. ते बोलत असताना ती एकदाच माझ्याकडे वळली आणि विचारलं, "हा मनुष्य कुणाबद्दल बोलतोय?" मी म्हटलं, तुमच्या वडिलांबद्दल. तिनं मान हलवली आणि पुन्हा समोर बघू लागली.

शेवटी कंपनीचा माणूस आला. तरुण, पांढरे बूट, कानापासून तोंडापर्यंत लावलेला छोटा माईक. त्याला तंत्रज्ञानाचं हस्तांतरण साजरं करायचं होतं. त्यानं पडद्यावर आवाजाच्या लाटांचं चित्र लावलं आणि म्हणाला, आधी हे ऐका, कच्चा माल. आणि बटण दाबलं.

पाऊस पत्र्यावर पडत होता. विस्तव तडतडत होता. तिचे वडील म्हणाले, मंगळवारी घोडी घेऊन निघालो. आणि त्यांच्या मागून, जरा लांबून, एक बाई म्हणाली, "सोमवार होता. मंगळवारी तुम्हाला ताप होता." जरा घोगरा, कंटाळलेला, प्रेमळ आवाज. आणि लगेच तरुणानं पडद्यावरचं बटण सरकवलं. पाऊस गेला, विस्तव गेला, आणि तेच वाक्य पुन्हा आलं तेव्हा बाई गेली होती. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

म्हणजे त्यांनी सगळं पुसलं होतं, पण हा तुकडा ठेवला होता. विकण्यासाठी नमुना म्हणून. हिच्या आईचं जगातलं एकमेव वाक्य त्यांनी एवढ्यासाठी जपलं होतं, की दर वेळी लोकांसमोर ते पुसून दाखवता यावं. कुणाच्या खांद्याला धरून हलवावं, ओरडावं, असं वाटलं, आणि मी खुर्चीच्या दांड्याला धरून बसून राहिले, कारण ती उठून उभी राहिली होती.

"पुन्हा लाव," ती त्या तरुणाला म्हणाली.

तो खूश झाला. म्हणाला, बघा, घरच्या माणसालाही विश्वास बसत नाहीये. लोक हसले, पुन्हा टाळ्या वाजवू लागले. मी घाईनं पर्समधून फोन काढला, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि हात पुढे धरला. टाळ्या थांबायच्या आत त्यानं तो तुकडा पुन्हा लावला होता.

ती परत म्हणाली, लाव. तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा विरलं. त्यानं वेळ संपल्याची खूण केली आणि पुढचं चित्र लावलं. ती खाली बसली. माझ्याकडे न बघता तिनं माझं मनगट पकडलं आणि कॉफीची सुटी होईपर्यंत सोडलं नाही.

नंतर मी तो तुकडा मिळावा म्हणून रीतसर विचारलं. कंपनीच्या वकिलांकडून उत्तर आलं, की प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये एका अनोळखी व्यक्तीचा आवाज आहे, त्या व्यक्तीची संमती घेतलेली नाही, त्यामुळे खाजगीपणाच्या नियमांनुसार तो कुणालाही देता येत नाही. मी कळवलं, की मागणारी तिची मुलगी आहे आणि तुम्ही तो हॉटेलात दोनशे माणसांना ऐकवला. ह्याला उत्तर आलं नाही. प्रमुखांना सांगितलं, तर त्यांनी कानावर हात ठेवले. हस्तांतरण झालं आहे, आता ते आपलं नाही, म्हणाले. त्यांचा पुढचा प्रकल्प मंजूर झाला होता. त्यात मी असावं अशी त्यांची इच्छा होती. मी नाही म्हटलं, आणि डंडॉकच्या एका कंपनीत पुन्हा पैशांच्या व्यवहारांची सॉफ्टवेअर सांभाळायला लागले. तिथे निदान कुणी संस्कृतीचं नाव काढत नाही.

रुजू होण्याआधी मी कासलबारला जाऊन आले. माझ्या फोनवरचं रेकॉर्डिंग तिच्या फोनवर उतरवून द्यायचं होतं. ते ऐकवायला मला संकोच वाटत होता. हॉटेलातला पंखा, कपबश्या, कुणाचं तरी खोकणं, आणि त्या टाळ्या. आईच्या वाक्याचा पहिला भाग टाळ्यांखाली जवळजवळ बुडाला होता. ‘ताप होता’ तेवढं स्पष्ट यायचं.

तिनं टेबलावर आपला फोन उभा करून ठेवला आणि ते ऐकलं. मग पुन्हा. मग मला बाहेरच्या बागेत भाज्या दाखवायला नेलं, आत आली आणि पुन्हा ऐकलं. मी म्हटलं, मला थोडा वेळ द्या, मी ह्यातल्या टाळ्या काढू शकते. मला येतं ते. आवाज बराच मोकळा होईल.

तिनं फोन टेबलावरून उचलला आणि कोटाच्या खिशात घातला.

"नको," ती म्हणाली. "काही काढू नकोस. मागच्या वेळी तुम्ही लोकांनी काढायला घेतलंत आणि आई गेली."

तिनं पाव कापायला घेतला. माझ्या फोनवरही ते रेकॉर्डिंग अजून आहे, आणि मीही त्यातलं काही काढलेलं नाही. त्या बाईचा आवाज कान देऊन ऐकावा लागतो. टाळ्या मात्र स्वच्छ ऐकू येतात, आणि त्यांत आमच्या प्रमुखांचं ‘ग्रँड, ग्रँड’ सगळ्यांत जवळून.